तळ्यातला काळा करकोचा

गिरणी आणि घर यांच्यामध्ये आमच्याकडे एकच भिंत होती. सकाळी नऊच्या सुमाराला बाबा खटका ओढायचे, पट्टा फटफट करत फिरायला लागायचा आणि मग दिवेलागणीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू थोडी थरथरत राहायची. मांडणीवरचे पेले, देवघरातली घंटा, माझ्या टेबलावरची पेन्सिल, सगळंच. घरातले सगळे ओरडून बोलायचे. नवा पाहुणा आधी दारातच थांबायचा, आत भांडण चाललंय असं वाटून. मी हळू बोलायचे. त्यामुळे मला दुधी नको असला तरी तो ताटात पडायचाच, आणि पुन्हा सांगण्यापेक्षा खाऊन टाकणं सोपं असायचं. भाताचं तूस बारीक होऊन सगळीकडे बसायचं. आई दिवसातून तीनदा फडकं मारायची, घावनांवर ताट झाकायची, पाण्याच्या कळशीला दुहेरी फडकं बांधायची, तरी पहिला घास तोंडात घातला की दाताखाली काहीतरी कचकन लागायचंच. आता मी शहरात राहते, माझं स्वयंपाकघर लख्ख असतं आणि घावन तिथे कधीच नीट लागत नाहीत. आई म्हणते, तांदूळ वेगळा. मला वाटतं, तूस कमी पडतं.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितेय, तेव्हा माझी बारावी झाली होती. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी नंबर लागला नव्हता आणि दुसऱ्यांदा बसायचं म्हणून मी वर्षभर घरी होते. माझ्या वर्गातल्या मुली पुण्याला, मुंबईला, कुठे कुठे गेल्या होत्या. कर्जतच्या इंग्रजी शाळेत आम्ही बारा वर्षं एकत्र होतो, पण त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं खरं बोलणं त्यांच्यातल्या एकीशीही झालेलं नव्हतं. गिरणीवर भात घेऊन येणारे शेतकरी बाबांना विचारायचे, "पोरगी काय करते?" बाबा म्हणायचे, "तयारी करते," आणि लगेच पोत्यात हात घालून भाताचा दाणा दाताखाली फोडून बघायचे, ओल किती आहे ते. पुढचं बोलणं ओलीवर जायचं. त्यांना माझी लाज वाटत होती असं नाही, पण माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे त्या वर्षी एवढं एकच वाक्य होतं, आणि दर दोन-चार दिवसांनी त्यांना ते वापरावं लागायचं.

पुस्तकं उघडून मी खिडकीत बसायचे. गिरणीच्या मागच्या अंगणात तुसाचा ढीग असायचा आणि त्यावर दिवसभर पाखरं उतरायची. आईच्या भाषेत ती सगळी पाखरंच. चिमणी, कावळा, कबुतर सोडलं तर बाकीच्यांना नावं असतात हे मला शाळेतल्या इंग्रजी पुस्तकातून कळलेलं होतं, म्हणून ओळख झाली तीही इंग्रजीतूनच. एकदा एक उंच, वाकलेले गृहस्थ कणीची पिशवी घेऊन त्या अंगणातून बाहेर पडत होते. खिडकीशी थांबून त्यांनी विचारलं, "ढिगावर काय आहे ते?" मी इंग्रजी नाव सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर. आपण मनोली म्हणतो. किती आहेत?" मी म्हटलं, अकरा. त्यांनी मोजल्या. एक उडून गेली होती, दहा होत्या. "मघाशी अकरा असतील," ते म्हणाले. माझं बोलणं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि वर खरंही मानलं होतं.

ते गुप्तेकाका. रेल्वेत गार्ड होते. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं जोडतात त्या कर्जत स्टेशनात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. गाडी कुठे थांबली, किती मिनिटं थांबली, का थांबली, हे जन्मभर लिहिण्याची सवय. निवृत्तीनंतर त्यांनी तीच शिस्त पाखरांना लावली. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रत्येक पक्षी एका जाड वहीत होता. तारीख, वेळ, जागा, किती, काय करत होता. शाईच्या पेनाने. दुसऱ्याने पाहिलेला एकही पक्षी त्या वहीत नव्हता, मग तो कितीही मोठा जाणकार असो. "तुमचा पक्षी तुमच्या वहीत," ते म्हणायचे. त्यांच्याभोवती पंधरा-वीस माणसांचा एक गट जमला होता. खोपोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या सुलभाताई, बदलापूरचा एक मोठ्या लेन्सवाला, आणखी काही जण. रविवारी कुठल्यातरी तळ्यावर जायचं, एरवी मोबाइलवरच्या गटात फोटो टाकायचे. काकांनी मला त्यांची जुनी दुर्बीण वापरायला दिली होती. मी रविवारी सगळ्यांच्या मागून चालायचे आणि गटावर मी आजवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

आमच्या घरापासून स्कूटरने वीस मिनिटांवर, खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक गावतळं आहे. तळं कसलं, दोन बाजूंना मातीचा बांध आणि दोन बाजूंना भातखाचरं. भातकापणी झाली की खाचरांत वाल पेरतात आणि जानेवारीत त्यांचा हिरवा वास दंवाबरोबर तळ्यावर येतो. पलीकडच्या काठावर ठाकरवाडीतल्या बायकांच्या बचतगटाची एक खोप होती. त्यांनी तळ्यात मासे सोडले होते. मी तिथे आधी एकदाच गेले होते, दिवाळीत. जानेवारीतल्या एका बुधवारी पुन्हा गेले, कारण साडेआठला घरी ऑनलाइन चाचणी होती आणि मला तिची भीती वाटत होती. भीती वाटली की मी पाखरांकडे जायचे. अजूनही जाते.

धुकं इतकं होतं की बांधावर उभी राहिले तर समोर फक्त पांढरं. पाणी आहे हे आवाजावरून कळत होतं. टिबुकलीची ती हसल्यासारखी किलबिल, पाणकोंबडीचं कुठेतरी जवळच गवतातलं कुरकुरणं, वरून जाणाऱ्या टिटवीची ओरड. मी बसून राहिले. बर्फासारखी दुर्बीण स्वेटरच्या आत धरून गरम करत होते, नाहीतर डोळ्याला लावली की काचेवर बाष्प धरायचं. मग सात वाजून गेल्यावर मधेच वारा आला आणि धुक्यात एक खिडकी पडली, आणि त्या खिडकीत, दोनेकशे पावलांवर, पाण्यात, तो उभा होता. अंगाने काळा. पोट पांढरं. लांब लाल पाय. एका बाजूला उतरती लाल चोच. मान आखडून, थंडीत माणूस खांदे वर करतो तसा. त्याने एकदा पंख किंचित उघडला आणि मिटला. मी फोन काढला, फोटो घेतला, त्यात राखाडी डागाशिवाय काही आलं नाही. खाली बघून डायरीत वेळ लिहिली, सात वाजून बारा मिनिटं, आणि मान वर केली तर खिडकी मिटलेली. दहा मिनिटं थांबले. मग चाचणीसाठी निघाले.

काळा करकोचा. पुस्तकात होता. आमच्या भागात कुणी पाहिल्याचं ऐकलं नव्हतं. चाचणीत मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. दुपारी, जेवणानंतर, तीनदा लिहून पुसून मी गटावर एक ओळ टाकली. दोन मिनिटांत काकांचा फोन आला. ते फोनवर कधी "कशी आहेस" वगैरे म्हणत नसत.

"चोच?"

"लाल."

"पाय?"

"लाल. लांब."

"पोट?"

"पांढरं, काका. वर सगळं काळं."

"मान?"

"आखडून घेतली होती."

"हं. उडताना पाहिलास?"

इथे मी थांबायला हवं होतं. आता इतक्या वर्षांनी त्या क्षणाकडे बघते तेव्हा मला त्याचं कुतूहल वाटतं, इतका तो लहान होता. पंख उघडलेला मी पाहिला होता. नंतर तो दिसला नाही, म्हणजे उडालाच असणार. शिवाय त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी "नाही" म्हटलं असतं तर ते विझलं असतं. मी "हो" म्हटलं.

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "अनघा, मी वहीत लिहितोय. तुझ्या नावाने. रविवारी सगळे तिथे जमू."

गटावर सगळ्यांनी अभिनंदन केलं. सुलभाताईंनी फुलं पाठवली. संध्याकाळी गिरणीतून बाबांचा आवाज भिंतीतून आला. पट्टा थांबला होता, म्हणून शब्द कळले. समोर कुणी शेतकरी होता.

"आमच्या अनूला तळ्यावर करकोचा घावला. काळा. जिल्ह्यात पयला."

"करकोचा म्हंजी?"

"मोठा बगळा समज."

"मंग, त्याचं काय करतात?"

"काय नाय करत. बघतात."

"आन मंग?"

"मंग लिवतात."

"बरं हाय," तो माणूस म्हणाला. बाबा म्हणाले, "मोठी माणसं येणार हायत रविवारी तिच्याबरोबर, तो बघायला." आणि मग भाताच्या ओलीचा विषय निघालाच नाही. जिल्ह्यात पहिला असं मी म्हटलंच नव्हतं. मी भिंतीच्या अलीकडे उभी होते आणि मला इतका आनंद झाला की मी ते दुरुस्त करायला गेले नाही. रात्री आईने न विचारता वालाचं बिरडं केलं, माझ्या आवडीचं, आणि वर खोबरं पेरलं.

शनिवारी मी पुन्हा गेले, करकोचा नक्की कुठे उतरतो ते बघून ठेवावं म्हणून. त्या दिवशी धुकं नव्हतं. स्कूटर लावली, बांधावर चढले, दुर्बीण लावली आणि तो तिथेच होता. त्याच जागी. मान आखडून. एक मिनिट गेलं. त्याने पंख उघडला, मिटला. आणि तेव्हा, वारा थांबल्यावर, माझ्या लक्षात आलं की तो वाऱ्याबरोबरच पंख हलवतो.

मी बांधाला वळसा घालून पलीकडच्या काठाला गेले. खोपीपाशी शेणी पेटवून एक बाई शेकत बसली होती. माझ्या आईच्याच वयाची, डोक्यावरून चादर घेतलेली.

"काय गं, गळ टाकायला आलीस?" तिने विचारलं.

"नाही मावशी. पक्षी बघायला."

"बघ की. आन जाताना घेऊन पन जा. हे पाणकावळे समदं मासं खातात. आमी सोडायचं आन त्यांनी गिळायचं."

"मावशी, ते काय आहे?"

"कुटं?"

"ते. पाण्यात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी आंधळी आहे. "छत्री," ती म्हणाली.

तिचं नाव चांगुणाबाई. छत्री तिच्या घरवाल्याची. पावसात उलटी झाली, काड्या मोडल्या, तेव्हापासून खुंटीला पडून होती. मंगळवारी तिने ती दोन बांबूंवर आडवी बांधून पाण्यात रोवली, पाणकावळ्यांनी भ्यावं म्हणून. बांबूंना आणि छत्रीच्या वाकड्या मुठीला जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, कारण लाल रंगाला पाखरं बिचकतात. खाली खताची पांढरी गोणी अडकवली, ती फडफडते म्हणून. मी दुर्बीण लावून सगळं एकेक बघितलं. चिंध्या, गोणी, मूठ. आणि गंमत अशी की आता मला छत्रीच दिसत होती. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, बुधवारचा करकोचा पुन्हा काही जमेना. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत जे इतकं जिवंत होतं ते कुठे गेलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

मी मटकन खाली बसले. चांगुणाबाईंनी विचारलं, "चक्कर आली का गं?" आणि मी, जी कुणालाच काही सांगत नसे, त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. करकोचा, गट, काकांची वही, उद्याचा रविवार. ती आधी गंभीरपणे ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती चादर तोंडावर धरून हसली आणि हसता हसता खोकायला लागली.

"माझ्या घरवाल्याची छत्री बघायला मुंबैवरनं मानसं येतात?"

"मुंबईहून नाही. खोपोली, बदलापूर."

"तरी पन! त्याला सांगते. बायको बघत नाय त्याच्याकडं, आन मानसं दुर्बिनी लावून छत्री बघतात."

"मावशी, उद्याच्या दिवस ती काढाल का?"

"का? उद्या पाणकावळ्यांना सुट्टी हाय?"

तिने एक शेणी आत ढकलली. "सांगून टाक की त्या काकाला," ती म्हणाली. "चुकतं मानूस."

"चुकलं असतं तर सांगितलं असतं. मी त्यांना उडाला म्हणून सांगितलंय."

यावर ती हसली नाही. म्हणाली, "काढते. पन मग मासं कोन राखील?"

"मी राखीन."

रविवारी उजाडायच्या आत मी तळ्यावर होते. छत्री खोपीत गेली होती आणि चांगुणाबाईंनी माझ्या हातात एक पत्र्याचा डबा आणि काठी दिली होती. दुर्बीण गळ्यात, आणि मी बांधावरून डबा बडवत पळत होते. पाणकावळे उडाले, त्यांच्याबरोबर बगळे उडाले, ढोकऱ्या उडाल्या, लव्हाळ्यातून अडई बदकांचा थवा शीळ घालत उठला आणि डोंगराकडे निघून गेला. आठ पक्षीवेडी माणसं यायच्या आधी मी तळ्यावरचं होतं नव्हतं ते पाखरू हाकलून लावत होते. चांगुणाबाई शेकत शेकत ओरडत होत्या, "त्या तिकडं बघ गं, तो मोटा बसलाय! तिकडं!"

सातला गाड्या आल्या. सगळे हळू आवाजात बोलत बांधावर बसले. काकांसाठी सुलभाताईंनी घडीची खुर्ची आणली होती, ते तीत बसले नाहीत. त्यांचे गुडघे दुखायचे, बसलं की उठायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात पक्षी जातो, असं त्यांचं म्हणणं. आईने डबा भरून घावन आणि लसणाची चटणी दिली होती, तो कुणी उघडला नाही. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर. आणि तळं, मी इतका छळ करूनही, हळूहळू परत भरत गेलं. आधी एक टिबुकली वर आली, बुडाली, भलतीकडेच वर आली. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालायला लागला. लाजरी पाणकोंबडी गवतातून अर्धी बाहेर येऊन शेपटी हलवत विचार करत उभी राहिली. खंड्या तारेवर बसला. ऊन डोंगरावरून उतरून पलीकडच्या वालाच्या शेतात आलं आणि दंवाची वाफ व्हायला लागली. दुसऱ्या कुठल्याही रविवारी ही माझ्या आयुष्यातली उत्तम सकाळ ठरली असती. मी प्रत्येक पक्ष्याकडे बघत होते आणि तो निघून जावा, सगळे कंटाळावेत, घरी जावेत, असं मनात म्हणत होते.

दोन तास गेले. लेन्सवाल्याने कॅमेऱ्याचं तिकाटणं मिटायला घेतलं. तो सुलभाताईंना हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "नवीन आहे ती. धुक्यात काहीतरी दिसलं असेल."

काकांनी दुर्बिणीतून डोळे न काढता म्हटलं, "तिने त्याला उडताना पाहिलंय."

खरं तर सुटले होते मी. पक्षी काही कुणाची वाट बघत एका जागी थांबत नाहीत, ते सगळ्यांना माहीत असतं. वहीत नाव राहिलं असतं. बाबांचं वाक्य राहिलं असतं. तेवढ्यात काकांनी दुर्बीण खाली घेतली आणि विचारलं, "अनघा, उडाला तो कुठल्या बाजूला?"

मी हात वर करून दाखवला. डोंगराकडे. विचार न करता, मघाशी अडया गेल्या त्या दिशेला.

"म्हणजे पलीकडचा पाझर तलाव," काका म्हणाले. "तिथे शांत असतं. तिथेच असेल." आणि ते निघाले. मधे वालाची शेतं होती, आणि शेतांच्या अलीकडे एक ओहोळ, त्यात पाय ठेवायला चार शेवाळलेले दगड. सुलभाताई म्हणाल्या, काका, आम्ही बघून येतो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी वाकून पँट दोन घड्या वर दुमडली, काठी पुढे टाकली आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. काठी घसरली. ते सावरले. मग दुसऱ्या दगडाकडे पाय लांबवला, आणि तो गुडघा थरथरत होता, माझ्या डोळ्यांसमोर, घरातल्या मांडणीवरच्या पेल्यासारखा.

"काका, छत्री होती!"

माझा आवाज पलीकडच्या काठावर गेला आणि परत आला. पाण्यावरचे बगळे उडाले. सगळे माझ्याकडे बघत होते. "करकोचा नव्हता," मी म्हटलं. "छत्री होती. उडाली नाही. मी खोटं सांगितलं."

मग लेन्सवाल्याला हसू फुटलं, सुलभाताई "अगं बाई" म्हणाल्या, आणि पलीकडून चांगुणाबाईंची हाक आली, "सांगितलंस का गं? आणू का?"

त्या छत्री घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि त्यांनी ती होती तिथे, होती तशी रोवली. काका ओहोळातून मागे आले. मला म्हणाले, "कुठे उभी होतीस?" मी जागा दाखवली. ते तिथे उभे राहिले, दुर्बीण लावली आणि खूप वेळ बघत राहिले. वारा आला, गोणी फडफडली. मग त्यांनी ती जागा एकेकाला दिली. लेन्सवाल्याने बघितलं तेव्हा तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "च्यायला."

"धुक्यात मीही फसलो असतो," काका म्हणाले.

मला तिथेच थांबता आलं असतं. "पण मी उडाला म्हणाले, काका."

"हो. ते छत्रीने नाही केलं."

"नाही."

"वहीत मी लिहिलंय," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. "आजवर कुणाचं लिहिलं नव्हतं."

"मी येऊन खोडू का?"

"नको. बोललीस तू, पण लिहिलं मी. मीच खोडीन."

बाबांना मी त्या दिवशी दुपारी गिरणीत जाऊन सांगितलं. पट्टा चालू होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, तीन गिऱ्हाइकांसमोर. बाबा थोडा वेळ पोत्याच्या तोंडाशी हात धरून तसेच उभे राहिले. त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं. ते अजून हा किस्सा सांगतात, आणि त्यांच्या तोंडी छत्री आता चांगली माणसाएवढी झाली आहे, पण ते नंतरचं. त्या दुपारी ते फक्त "बरं" म्हणाले आणि पुढचं पोतं ओतायला लागले. परीक्षेचंही पुढे जमलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला वाटलं होतं तेवढी ती मोठी निघाली नाही.

तळ्यावर मात्र अजून थोडं राहिलं होतं. कबुलीनंतर सुलभाताईंनी आईचा डबा उघडला. चांगुणाबाईंनी खोपीतून मिठाच्या मिरच्या आणल्या. सगळे बांधावर बसून खायला लागले आणि लेन्सवाला त्यांना विचारत होता की छत्रीला पाणकावळे खरंच घाबरतात का. त्या म्हणाल्या, "निम्मे घाबरतात. निम्मे तुमच्यासारखे बघायला येतात." काका शेवटी घडीच्या खुर्चीत बसले होते, थर्मासच्या झाकणात चहा घेऊन. मी त्यांच्यापासून लांब बसले होते, दुर्बीण परत कशी द्यायची याचा विचार करत.

तेवढ्यात पलीकडच्या लव्हाळ्यातून एक बदक उठलं. उन्हाच्या दिशेने सरळ, पाठमोरं, पाण्यालगत, आणि बांधाच्या टोकाशी वळून दिसेनासं झालं. तीन-चार सेकंद असतील.

"थापट्या!" लेन्सवाला ओरडला. घावन हातात होतं, कॅमेरा खाली.

"छे, तलवार बदक होतं," सुलभाताई म्हणाल्या. "शेपूट लांब होती."

काकांच्या हातात चहा होता, त्यांना दुर्बीण उचलता आली नव्हती. त्यांनी झाकण खाली ठेवलं, खिशातून छोटी डायरी काढली, पेन काढलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू बघत होतीस?"

"हो."

"काय होतं?"

मी डोळे मिटून ते तीन सेकंद पुन्हा बघितले. उन्हात काळी झालेली पाठ, पंखांची घाई, पाण्यावर त्याची पळती सावली. चोच दिसली नव्हती. शेपटीचं मी शपथेवर सांगू शकले नसते.

"बदक होतं," मी म्हटलं. "एकच. कुठलं ते मला नाही सांगता येणार."

"अहो, थापट्याच," लेन्सवाला म्हणाला.

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सावकाश लिहिलं. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. नऊ पंचावन्न. बदक, एक, ओळख पटली नाही. त्याच्यापुढे त्यांनी थोडी जागा सोडली, आणि मग तिथे माझं नाव लिहिलं.